बोचक्याचं वजन

७ नोव्हेंबर

आज लेक कामावर रुजू व्हायला गेली. दूर डोंगरात एका पुलाचं काम चाललंय, तिथे ती इंजिनिअर. चार महिने. जाताना माझ्या बैठकीच्या खोलीत चार फुटी काचेची पेटी ठेवून गेली, आणि पेटीत अजगर.

गेल्या आठवड्यात तिने फोनवर विचारलं होतं, "बाबा, माझं एक जनावर चार महिने सांभाळाल का?" मी आधी हो म्हणालो आणि मग कुठलं जनावर ते विचारलं. नोकरीत असताना असा निष्काळजीपणा मी कधी केला नव्हता. पण ही जाऊन चौदा महिने झाले (वहीत तरी बायकोला 'ही'च म्हणणार), आणि तेवढ्या काळात लेकीने माझ्याकडे काही मागितल्याची ही पहिलीच वेळ. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

जात बॉल पायथन. घाबरलं की डोकं आत घालून अंगाचा चेंडू करतं, म्हणून ते नाव. लेक त्याला बोचकं म्हणते. विष नाही, जाडी माझ्या मनगटाएवढी, गडद तपकिरी अंगावर फिकट ठिपके. पाहिल्याबरोबर एक पाऊल मागे सरलो, पण लेकीसमोर चेहरा तपासणीला गेल्यासारखा ठेवला.

चार पानं सूचना आहेत. पेटीचं एक टोक बत्तीस अंश, दुसरं सव्वीस. पाणी रोज बदलायचं. दहाबारा दिवसांनी एक उंदीर. गोठवलेले बारा उंदीर माझ्या फ्रिजरमध्ये एका डब्यात आहेत, म्हणजे आता बर्फाला जागा नाही. शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारलीय: 'उगाच हात लावू नका.' उगाच म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. वजनाचा तर रकानाच नाही. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो मी. या वहीतच रकाना आखून घेतला.

आजचं वजन १४६० ग्रॅम, डब्याचं वजन वजा करून.

९ नोव्हेंबर

सकाळी १४५८, संध्याकाळी १४५७. एकच आकडा घेऊन भागत नाही, दोन घेऊन सरासरी काढावी लागते. लेकीला तिथे फक्त संध्याकाळी सातच्या सुमाराला रेंज येते. तेव्हा फोन केला. "बोचकं कसंय?" "ठीक आहे." "तुम्ही?" "ठीक आहे." दोन मिनिटं.

पेटीच्या दोन्ही टोकांना तिने एकेक काळा उपडा डबा ठेवलाय. एका बाजूला दार कापलेलं. बोचकं दिवसभर त्यात दडी मारून बसतं आणि बाहेरून शेपटीचं टोकही दिसत नाही. आत काय चाललंय ते दिसत नसेल तर मला चैन पडत नाही. बाजारातून दोन पारदर्शक डबे आणले, तशीच दारं कापली आणि काळे डबे माळ्यावर टाकले. आता खुर्चीत बसूनही सगळं दिसतं.

१२ नोव्हेंबर

हात लावायची भीती गेली. काट्यावर नेताना बोचकं माझ्या मनगटाला एक वेढा घालतं आणि डब्यात ठेवायच्या वेळी सहजासहजी सोडत नाही. अंग कोरडं आणि चक्क गुळगुळीत, मला वाटलं होतं तसं बुळबुळीत अजिबात नाही. दाब बेताचा. ही गेल्यापासून कुणी माझा हात धरलेला नव्हता, ते आज लक्षात आलं.

संध्याकाळचं वजन सहाऐवजी साडेपाचला केलं. काही कारण नव्हतं.

१८ नोव्हेंबर

आज पहिलं जेवण. उंदीर कोमट पाण्यात ठेवून वितळवला, पुसला, लांब चिमट्यात धरला. माझी पाचावर धारण बसली होती. अर्धा तास उंदीर त्याच्यापुढे नाचवला. बोचक्याने एकदा जीभ काढली, मग तोंड फिरवलं आणि चेंडू होऊन बसलं. काचेला नाक लावून मी आणखी वीस मिनिटं पाहिलं. काही नाही. उंदीर फेकला.

सातला फोन. मागे यंत्रांचा आवाज, तिचा आवाज दमलेला. "खाल्लं का हो त्याने?"

"खाल्लं," मी म्हणालो.

कसं तोंडातून गेलं, मला माहीत नाही. पहिलंच काम सांगितलं पोरीने आणि तेही मला जमू नये? लगेच पुढे म्हणालो, "वजन चौदाशे त्रेचाळीस." ते मात्र खरं सांगितलं. तोंडी एखादा शब्द इकडचा तिकडे होतो माणसाकडून, पण काट्यावरचा आकडा मी आयुष्यात बदललेला नाही, आणि या वयात सुरुवात करणार नाही.

तिने आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाली, "बरं. रोज वजन करता?" मी सांगितलं की करतो, आणि काटा कसा लावलाय, जनावर हललं की आकडा कसा नाचतो, तेही सांगितलं. नऊ मिनिटं बोलणं झालं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मासेवाला आला होता. बाजारात शोभेच्या माशांचं दुकान आहे त्याचं. साप-पाली पाळणाऱ्यांना लागणारं सामानही ठेवतो. लेकीची त्याच्याशी ओळख. त्याच्या वडिलांचं तिथेच किराणा दुकान होतं आणि त्यांचा काटा मी दोनदा जप्त केला होता, त्यामुळे हा मला काका म्हणत असला तरी जरा लांबच उभा राहतो.

"सहज आलो," म्हणाला. हातात डझनभर अंडी. "घरी जास्त झाली होती." बोचक्याकडे त्याने एक नजर टाकली असेल नसेल. त्यापेक्षा स्वयंपाकघरात जास्त वेळ रेंगाळला. फ्रिज उघडून अंडी स्वतः ठेवली. ओट्यावर पाव होता, तो उचलून पाहिला. "काका, दुपारी काय केलं होतं?" मी म्हणालो, पाव. "आणि सकाळी?" भोचकपणाला काही सीमा? गेल्या मंगळवारीही आला होता. माझा संशय असा की लेकीने माझ्यावर निरीक्षक नेमलाय. बोचक्याची नीट काळजी घेतो की नाही ते पाहायला. जाताना त्याला ठणकावून सांगितलं की जनावर ठणठणीत आहे.

मनात पाल चुकचुकली ती वेगळी. आजचं वजन १४३१.

२९ नोव्हेंबर

दुसरा उंदीर. नाही खाल्ला. १४२४.

लेकीला "खाल्लं" सांगितलं आणि आकडाही सांगितला. आज ती हसली. का, ते कळलं नाही. मग मीच तिला विचारलं की सापाला पापण्या नसतात तर तो झोपलाय की जागा, हे ओळखायचं कसं. तिने समजावून सांगितलं. मग मी तिला माझ्या नोकरीतला एक किस्सा सांगितला, तराजूच्या पारड्याखाली मेण चिकटवणाऱ्या माणसाचा. तिने तो ऐकलाच नव्हता. मला वाटत होतं घरात सगळ्यांनी ऐकलाय. पण घरी मी असलं काही सांगायचो कधी? ही सांगायची सगळ्यांना सगळं, माझ्याही वाटचं.

चौदा मिनिटं.

४ डिसेंबर

बोचकं काचेच्या कोपऱ्यात नाक घासत फिरतं. पारदर्शक डब्यात फार वेळ बसत नाही. मी खुर्ची पेटीजवळ सरकवली, म्हणजे त्याला सोबत होईल. दिवसभर तिथेच बसून पेपर वाचला. आता तिसरं वजनही करावं का, दुपारचं? आकडे जास्त असले तर दोष कुठे आहे तो लवकर सापडतो.

१० डिसेंबर

तिसरा उंदीर. नाही. १४०३.

 साधं गणित आहे. महिन्याला पन्नास-साठ ग्रॅम उतरतायत. लेक परत येईल तेव्हा काय उरेल? आणि मी दर वेळी तिला सांगतोय, खाल्लं. बोचकं दगावलं तर ते एक दुःख, पण तिला कळेल की बाप खोटं बोलत होता, त्याचं काय? एवढ्या वर्षांत आमच्यात गोडवा फारसा नव्हता, माझी शिस्तच तशी होती. पण बाबा सांगतात ते खरं, एवढं तरी तिला ठाऊक होतं. तेही मी घालवून बसलो.

फोनवर एकोणीस मिनिटं बोललो. 

१७ डिसेंबर

आज धीर केला. बोचक्याला कापडी पिशवीत घातलं, पिशवी टोपलीत, आणि पशुवैद्याकडे नेलं. डॉक्टरबाई लेकीच्याच वयाच्या. मला आजोबा म्हणाल्या. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, पण अडला होतो, म्हणून ऐकून घेतलं.

त्यांनी बोचक्याचं तोंड पाहिलं, पोट चाचपलं, मी आखलेला तक्ता पाहिला. "किती दिवसांनी वजन करता?"

"दिवसांनी नाही, दिवसातून दोनदा. गेला आठवडा तीनदा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, तुम्हाला रोज कुणी अंथरुणातून उचलून डब्यात कोंबलं आणि काट्यावर ठेवलं, तर तुम्हाला जेवण जाईल का?"

"डब्याचं वजन मी वजा करतो."

"ते त्याला कुठे माहीत आहे?" त्या म्हणाल्या. मग पेटीचा फोटो मागितला. मोबाइलवर दाखवला. पारदर्शक डब्यांवर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी म्हणालो, "तपासायला सोपं पडतं." त्या म्हणाल्या, "हे जनावर लपून राहून जगतं. अंधारी जागा मिळाली की ते निवांत होतं, आणि निवांत झालं की खातं. तुम्ही त्याला दुकानाच्या काचेत मांडून ठेवलंय आणि समोर खुर्ची टाकून बसलाय."

आजार काही नाही. सत्तर ग्रॅम म्हणजे या आकाराच्या जनावराला फार नाही. औषध एकच: काळे डबे परत ठेवा, पेटीच्या तीन बाजूंना कागद लावा, पंधरा दिवस पाणी बदलण्यापलीकडे हात लावू नका. वजन बंद.

"मग ते सुधारतंय की बिघडतंय, मला कळणार कसं?"

"नाही कळणार," डॉक्टरबाई म्हणाल्या.

घरी येऊन माळ्यावरून डबे काढले. बोचकं जे आत घुसलं ते दिसेनासं झालं. म्हणजे माझ्यामुळेच उपाशी होतं ते. मला शरम वाटली, खूप वाटली.

सात वाजता फोन. "आज किती?"

सांगायला आकडा नव्हता. अंदाजाने तेराशे नव्वद म्हणता आलं असतं. जीभ उचलेना.

"आज वजन केलं नाही."

"का? बाबा, बरं आहे ना सगळं?"

"एक सांगायचंय. त्याने एकदाही खाल्लेलं नाही. तू गेल्यापासून. मी खोटं बोललो."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"मासेवाल्याने सांगितलं?"

"नाही हो, तुम्हीच सांगत होतात. खाल्लं म्हणायचात आणि लगेच वजन सांगायचात. शंभर ग्रॅमचा उंदीर गिळल्यावर कुणाचं वजन पंधरा-वीस ग्रॅमने उतरतं का?"

एकतीस वर्षं दुसऱ्यांचे खोटे आकडे पकडले आणि माझ्या तक्त्यातली एवढी ढळढळीत गोष्ट मला दिसू नये. "मग बोलली का नाहीस?"

"बोचकं कधीकधी चार-चार महिने खात नाही. मागच्या वर्षीही नव्हतं खाल्लं. त्याने मरत नाही ते." मग म्हणाली, "आणि आई गेल्यापासून तुम्ही फोनवर 'ठीक आहे' एवढंच म्हणायचात बाबा. वर्षभर तेवढंच. आता रोज पंधरा-पंधरा मिनिटं बोलत होतात. ते मी थांबवलं असतं होय?"

 उद्या बोलू म्हणालो आणि ठेवला. मग रडलो. वही माझीच आहे, लिहायला हरकत नाही.

१८ डिसेंबर

सकाळी आठ वाजता काट्यापाशी जाऊन उभा राहिलो आणि परत आलो. हाताला काही काम नाही. खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवली, म्हणजे मोह नको.

वजनाचा रकाना रिकामा.

२० डिसेंबर

फोनवर पंचाईत. आकडा नाही तर बोलायचं काय?  शेवटी मी विचारलं, "तिथे थंडी आहे का?"

ती म्हणाली, "आहे. खूप." मग सांगितलं की एका खोलीत तिघी राहतात आणि अंघोळीचं पाणी पहिलीलाच गरम मिळतं. ती तिसरी. मी म्हणालो, मग उठावं लवकर. म्हणालो आणि जीभ चावली. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून मी तिला हेच सांगत आलोय. तिने विषय बदलला. पाच मिनिटं.

२३ डिसेंबर, मंगळवार

मासेवाला अंडी घेऊन हजर. त्याच्या घरी कोंबड्या आहेत की काय, देव जाणे. मी म्हणालो, बोचक्याला पाहू देणार नाही, डॉक्टरबाईंचा हुकूम आहे. तो म्हणाला, "राहू दे काका, मी कुठे त्याला बघायला येतो?" आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन दोन अंडी फोडली. मी भात टाकला. दोघं टेबलाशी बसून जेवलो. ही गेल्यापासून त्या टेबलावर विजेची बिलं आणि पेपर साचले होते, ते उचलून बाजूला ठेवावे लागले. त्याच्या वडिलांच्या काट्याची गोष्ट निघाली. तो म्हणाला, काटा खोटा होताच. दोघंही हसलो.

त्याला सापांची एवढी आवड, तरी पेटीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. विचित्र माणूस आहे. पण वाईट नाही.

२६ डिसेंबर

आज लेक पुलाचं सांगत होती. दोन खांबांवर जो भाग ठेवतात त्याला गाळा म्हणतात. पहिला गाळा बसवायची तयारी चाललीय. वारा असला की काम थांबतं आणि वरिष्ठ तिच्यावर ओरडतात, जसा काही वारा तिनेच सोडलाय. मला तीन सूचना सुचल्या. एकही दिली नाही. ती बोलत राहिली. असं गप्प राहणं फार कठीण काम आहे.

३० डिसेंबर

बोचकं जिवंत आहे एवढं कळतं, कारण सकाळी पाण्याचं भांडं हललेलं असतं. बाकी काही माहीत नाही. सवय होतेय असं म्हणवत नाही, पण दर अर्ध्या तासाने उठायचो ते आता दोन तासांनी उठतो.

आज बटाट्याची भाजी केली. मीठ जास्त झालं. लेकीला सांगितलं, तर म्हणाली आईचंही व्हायचं सुरुवातीला. मी म्हणालो, हो. आणि लगेच तिला बटाट्याचा भाव सांगितला.

२ जानेवारी

पंधरा दिवस काल पूर्ण झाले. एक दिवस जास्तीचा दिला. कारण डॉक्टरबाईंनी पंधरा म्हटलं तेव्हा पहिला दिवस धरायचा की नाही ते सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी सहाला खोलीतला दिवा मालवला. उंदीर कोमट करून पुसला. चिमटा लांबून धरला, डब्याच्या दारापासून वीतभर अंतरावर, आणि मान दुसरीकडे वळवली. काचेला नाक लावलं नाही. नाचवलं नाही. हात दुखायला लागला.

आणि मग चिमटा खस्सकन ओढला गेला. पाहिलं तर उंदराला तीन वेढे पडले होते. बोचकं हलत नव्हतं आणि मीही नाही. बऱ्याच वेळाने त्याने वेढे सैल केले, उंदराचं डोकं शोधलं, जबडा केवढा तरी पसरला आणि हळूहळू, अगदी सावकाश, गिळलं. शेपूट शेवटी गेली. मग तोंड दोनदा मिटून-उघडून जागेवर बसवलं आणि काळ्या डब्यात शिरलं. माझा जीव भांड्यात पडला. अंधाऱ्या खोलीत एकटाच हसत बसलो होतो. वजन करायची इच्छा झाली, ती मारली.

सातला पाच मिनिटं होती. लेकीला काय शब्दांत सांगायचं ते ठरवत होतो. तेवढ्यात तिचाच फोन आला. ती कधी आधी करत नाही.

"बाबा," ती म्हणाली, आणि आवाजावरूनच कळलं.

"काय झालं?"

"काही नाही. तुमचं सांगा. बोचकं काय म्हणतंय?"

"आहे ते. तू सांग."

"काही नाही हो. आज गाळा बसला. पहिला."  मी अभिनंदन करणार होतो, पण थांबलो. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग जो तो घरी फोन करायला लागला. मीही केला. बाबा, मी आईचा नंबर लावला. सवयीने. रिंगसुद्धा वाजली नाही, नंबर अस्तित्वात नाही असं ती बाई म्हणाली, तेव्हा कळलं."

एरवी मी म्हणालो असतो, स्वतःला सावर. ही गेली त्या दिवशी हेच म्हणालो होतो पोरीला, दवाखान्याच्या जिन्यात. तिने तेव्हा डोळे पुसले आणि नंतर माझ्यासमोर कधी रडली नाही. मला वाटलं होतं, सावरली.

आज म्हणालो, "मी अजून दोन कप चहा करतो कधीकधी. मग दोन्ही मलाच प्यावे लागतात."

ती हसली आणि मग रडायला लागली. मी फोन कानाला लावून बसलो. रडू दिलं. मीही थोडा रडलो, तिला ते ऐकू जाऊ दिलं. मग आम्ही हिच्याबद्दल बोललो. ही गाळा बसलेला पाहायला डब्यात खाऊ भरून थेट डोंगरावर पोचली असती आणि वरिष्ठांना चार शब्द सुनावून आली असती, यावर दोघांचं एकमत झालं. लेकीने हिच्या अशा कितीतरी गोष्टी सांगितल्या ज्या मला माहीतच नव्हत्या. काही मी सांगितल्या. सोळा महिन्यांत पहिल्यांदा. शेवटी ती म्हणाली, "बाबा, आता बरं वाटतंय, जेवते." मी म्हणालो, मीही जेवतो, आणि खरंच दोन अंडी फोडली.

जेवण झाल्यावर ताट घासताना आठवलं, बोचक्याने खाल्लं हे तिला सांगायचंच राहून गेलं.